बरुआसागरचं पाणी

सबनीस काका,

तुमच्या तेराव्याला प्रेम नगरच्या तुमच्या अंगणात जमलेले सगळे एकच वाक्य बोलत होते. "बड़े सच्चे आदमी थे." कारखान्यातले तुमचे जुने सहकारी, शेजारचे शुक्ला जी, रविवारच्या वर्गात शिकून गेलेल्या मुली, सगळे. कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, "वैशाली जी, आप तो सबसे पुरानी शिष्या हैं, आप कुछ कहिए." मी उठले, तुमच्या फोटोला हात जोडले आणि परत बसले. लोकांना वाटलं, मला रडू आवरत नाहीये. खरं कारण वेगळं होतं. तुम्ही एकदा माझ्याशी खोटं बोलला होतात असा मला कित्येक वर्षं संशय होता. तुम्ही गेलात, पण तो गेला नव्हता. तो मनात असताना तुम्हाला सच्चा म्हणायला माझी जीभ उचलेना.

आणि संशय घ्यायला मला तुम्हीच शिकवलं होतंत.

मी तुमच्याकडे आले तेव्हा माझी मुलगी शाळेत जायला लागली होती आणि दुपारचं घर मला खायला उठायचं. शाळेत असताना चित्र बरं काढायचे, एवढीच माझी पुंजी. तुम्ही साताऱ्याहून नोकरीला म्हणून झाशीला आलेले, जन्मभर यंत्रांचे नकाशे काढून निवृत्त झालेले. मी इथलीच, कैक पिढ्यांची. मी पेल्याला फुलपात्र म्हणायचे आणि पुढच्याच वाक्यात "फार धूप आहे" म्हणायचे. तुम्ही हसून म्हणायचात, "तुझी मराठी पेशव्यांबरोबर आली, आणि परत जायचं विसरली." मी म्हणायचे, "तुमची रेल्वेने आली, म्हणून एवढी घाईत असते." काकू आतून हसायच्या.

पहिल्या दिवशी तुम्ही माझ्यापुढे तीन ट्यूब ठेवल्यात. लाल, पिवळा, निळा. मी काळा मागितला.

"काळा मिळणार नाही. तिघांना एकत्र कर, हवा तेवढा अंधार होतो."

मला वाटलं, कंजूस माणूस आहे. मग तुम्ही जांभळा करायला सांगितलंत. लाल आणि निळा मिसळला की जांभळा होतो हे लहान पोरालाही ठाऊक असतं. मी मिसळला आणि बशीत चिखल झाला. वांग्याच्या भरतासारखा.

"तुमचे रंग खराब आहेत," मी म्हटलं.

"रंग चांगले आहेत. तुझ्या लालात पिवळा लपलाय. शेंदराकडे झुकलेला लाल आहे तो. त्यात निळा घातलास, म्हणजे तिघं एकत्र आले. तिघं आले की चिखल." मग तुम्ही खिशातून दुसरा लाल काढलात, गुलाबीकडे झुकलेला. त्यात तोच निळा घातला आणि जांभळा असा उमलला की मी बशी उचलून काकूंना दाखवायला आत गेले. परत आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "ट्यूबवरच्या नावावर विश्वास ठेवू नकोस. प्रत्येक रंग आतून कुणाच्या तरी बाजूचा असतो. कुणाच्या, ते आधी हुडकून काढायचं."

"सासरच्या माणसांसारखं," मी म्हटलं. तुम्ही हसला नाहीत. ही तुमच्यासाठी गंभीर गोष्ट होती.

पुढे एकदा तुम्ही राखाडी कागदाचा एक तुकडा लाल कागदावर चिकटवलात आणि एक हिरव्यावर. हिरव्यावरचा तुकडा गुलाबीसर दिसत होता, लालवरचा हिरवट. "दोन्ही एकाच कागदातले आहेत," तुम्ही सांगितलंत. मला पटलं नाही. वर्गातल्या बाकीच्यांनी मान डोलावली. मी मात्र दोन्ही तुकडे नखाने सोडवले आणि एकमेकांना भिडवून पाहिले. एकच होते. तुम्ही मला रागवाल असं वाटलं होतं, पण तुमचा चेहरा उजळला. "शाब्बास," तुम्ही म्हणालात, "माझ्यावरही संशय घेतलास. रंग शेजाऱ्यावर अवलंबून असतो, हे आता तुला कुणी सांगावं लागणार नाही."

सगळे वाद काही मिटले नाहीत आपले. मुलीसाठी घरी प्रिंटर आणला तेव्हा मी तुम्हाला येऊन सांगितलं, की त्याच्यात लाल नाही आणि तुमचा निळाही नाही. एक गुलाबीसारखा आणि एक आकाशी आहे, आणि त्यातून तो सगळे रंग करतो. मग तुमचे तीन मूळ रंग मूळ कसे? तुम्ही चष्मा पुसत बसलात. "प्रिंटर चित्र काढत नाही," एवढंच म्हणालात. शेवटच्या दिवाळीतही मी हा विषय काढला होता. उत्तर तेच.

आता बरुआसागरचं.

थंडीत तुम्ही आम्हाला सगळ्यांना बसने तिथे नेलंत. तळ्याकाठी बसून मी किल्ला रेखाटला, खालचं पाणी रेखाटलं आणि घरी आल्यावर कितीतरी दिवस त्या एका चित्रावर राबले. स्वयंपाक आटोपून बसायचे, मुलगी शाळेतून येईपर्यंत. किल्ला जमला. झाडं जमली. पाणी मी ट्यूबमधल्या निळ्याने मन लावून रंगवलं. शहरात चित्रांचं प्रदर्शन लागणार होतं आणि तिथे ते द्यायचं माझ्या मनात होतं. तुम्ही चित्र हातभर लांब धरून पाहिलंत.

"पाणी ओरडतंय."

"म्हणजे?"

"फार निळं आहे. थंडीतलं पाणी इतकं निळं नसतं. त्याला त्याच्या विरोधी रंगाचा हात फिरव. नारिंगी, अगदी पातळ."

"पाण्यावर नारिंगी? गढूळ होईल सगळं."

"विरोधी रंग मिसळला की रंग विझतो. विझू दे थोडा."

मी घाबरले होते. इतक्या दिवसांची मेहनत एका ओल्या हाताने जाईल असं वाटलं. त्याआधी तुम्ही आकाश दोनदा करायला लावलं होतंत, झाडं पुसायला लावली होतीत. माझा बांध फुटला. "नाही घालणार," मी म्हटलं. "आहे ते पुष्कळ आहे. दर वेळी माझं काहीतरी चुकलेलंच असतं. हे प्रदर्शन झालं की मी थांबते, काका. माझ्याच्याने नाही होणार." चित्राला माउंट, म्हणजे काचेखाली चित्राभोवती बसते ती पुठ्ठ्याची चौकट, तुम्हीच कापून देणार होतात. म्हणून चित्र तुमच्याकडे ठेवून मी निघून आले.

आणायला गेले तेव्हा ते तयार होतं. बदामी माउंट, नारिंगीकडे झुकलेला. काच, फ्रेम, सगळं चढवलेलं. आणि पाणी शांत झालं होतं. तळ्याकाठी बसून पाहिलं होतं अगदी तसं, उन्हात गप्प पडलेलं, खाली खोल. मी काचेजवळ नाक नेऊन पाहिलं.

"काका, तुम्ही हात लावलात का याला?"

"चित्राला? छे."

"मग पाणी कसं बदललं?"

"माउंट बघ की. शेजारी बदलला, रंग बदलला. ते राखाडी तुकडे विसरलीस?"

विसरले नव्हते. माझ्याच हाताने सोडवले होते. म्हणून चित्र उचलून घरी आले. पण तुम्ही बोलताना माझ्याकडे न पाहता दाराकडे पाहत होतात, हे मी तेव्हाच टिपलं होतं.

त्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी माइकवर सांगितलं, "इसका पानी बहुत सच्चा है." एका शाळेच्या मुख्याध्यापिका तिथे आल्या होत्या. त्यांनी चित्राकडे बराच वेळ पाहिलं आणि माझं नाव विचारलं. पुढच्या सत्रापासून मी त्यांच्याकडे चित्रकला शिकवायला लागले, ती आजतागायत. घरात दुपारी एकटी बसणारी बाई "आर्ट मॅडम" झाली. तुम्ही प्रदर्शनात दिवसभर माझ्या चित्रापाशी उभे होतात, हात मागे बांधून. कुणी पाण्याचं कौतुक केलं की बुटांकडे पाहायचात. मला वाटायचं, गुरूला शिष्येचा अभिमान वाटतोय.

संशय परत आला तो माझ्याच वर्गात. सातवीच्या मुलींना रंग शिकवताना मी तुमची गोष्ट सांगितली, माउंट बदलला आणि पाणी शांत झालं ती. गोष्टीच्या जोडीला निळा कागद घेतला आणि त्याच्याभोवती बदामी नारिंगी चौकट धरली. निळा शांत व्हायच्या ऐवजी आणखी भडकला. मुली म्हणाल्या, "मैम, ये तो और नीला हो गया." होणारच होता. विरोधी रंग शेजारी ठेवला की दोघे एकमेकांना चढवतात, मिसळला तरच विझतात. हे रंगशास्त्राचं अगदी पहिलं पान. तुम्हीच वाचायला शिकवलं होतंत. मग तुमच्या माउंटने उलटं कसं केलं?

मी तुमच्याकडे आले. तुम्ही म्हणालात, "तुझ्या बदामीची छटा चुकली असेल." मी तुमच्याकडूनच त्या पुठ्ठ्याचा उरलेला तुकडा मागून नेला. तेच झालं. परत आले तेव्हा म्हणालात, "उजेड वेगळा होता." त्यानंतर म्हणालात, "तेव्हा तू रागात होतीस, आता शांत आहेस. पाणी तेच आहे." खऱ्या गोष्टीचं उत्तर दर वेळी बदलत नाही, काका. आणि नेमक्या त्याच क्षणी काकू चहाला हाक मारायच्या, म्हणून मला त्यांचाही संशय यायला लागला. मी चहा प्यायचे, तुम्ही माझी मराठी काढायचात, विषय संपायचा. शाळेत ती गोष्ट सांगणं मी बंद केलं.

फ्रेम उघडून पाहायला काय हरकत होती, असं कुणीही विचारेल. ती आमच्या बैठकीत खिडकीसमोरच होती. पण ते पाणी तुमचं निघालं असतं, तर ते बक्षीस कुणाचं होतं? मुख्याध्यापिका ज्याच्यापुढे थांबल्या ते कुणाचं होतं? कुणी "आर्ट मॅडम" म्हटलं की मी मागे वळून पाहायचे, जणू माझ्या मागे कुणी उभं आहे.

तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावून घेतलं. "तुझं ते पाणी थोडे दिवस माझ्याकडे दे," त्या म्हणाल्या. "त्यांच्या फोटोशेजारी लावते. फार आवडायचं त्यांना." मी घरी येऊन चित्र उतरवलं. एका कोपऱ्यात ओल धरली होती. तसंच कसं द्यायचं, म्हणून जेवणाच्या टेबलावर पालथं घातलं, मागचे खिळे काढले आणि माउंट उचलला.

माउंटखाली झाकलेल्या पट्टीत माझं पाणी होतं. तेच, ओरडणारं, गर्द निळं. आणि आत, उघड्या भागात, शांत.

उमेश, माझा नवरा, पेपर बाजूला ठेवून पाहायला आला. "ऊन लागून उडालं असेल," तो म्हणाला. "इतकी वर्षं खिडकीसमोर आहे. झाकलेलं तेवढं ताजं राहिलं." अगदी पटण्यासारखं होतं. खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. मी चित्र उचलून खिडकीत नेलं, फक्त खात्री करायला.

उन्हाने रंग उडाला असता तर उडाल्याची रेघ माउंटच्या कापाबरोबर सरळ गेली असती. ती सरळ नव्हती. ती नागमोडी होती. डावीकडे ती बोटभर माउंटखाली शिरली होती, आणि तिथे पाणी साचून वाळतं तशी एक फिकट नारिंगी किनार होती. ऊन पुठ्ठ्याखाली शिरत नाही, काका. तो हात होता.

मी चित्र तसंच टेबलावर टाकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. राग इतका आला होता की तुम्ही समोर असतात तर काय बोलले असते, मला ठाऊक नाही. इतकी वर्षं मी स्वतःला विचारत होते की मी संशयी आहे का, कृतघ्न आहे का. आणि मी फक्त बरोबर होते. उमेश दाराशी येऊन म्हणाला, "चांगल्यासाठीच केलं असेल ना." मी म्हटलं, "विचारून केलं असतं तर?"

संध्याकाळी परत चित्रापाशी गेले. राग जागच्या जागी होता, तरी डोळे पाहतच होते. तुम्ही एकाच दमात हात फिरवला होतात. खालचा माझा थर कुठेही हलला नव्हता. लांबच्या काठाला नारिंगी नसल्यासारखाच, किल्ल्याच्या सावलीत थोडा जास्त. इतकं पातळ, इतकं न डगमगता मला आजही जमत नाही. वर्गात तुम्ही कधी आमच्यासमोर ब्रश धरला नव्हतात. फक्त बोलायचात. तुम्ही रंगवता कसे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, तुम्ही गेल्यावर.

चित्र घेऊन काकूंकडे गेले. माउंट न लावताच. त्यांनी पाहिलं, कडेच्या निळ्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "उघडलंस तर."

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्या दिवशी जेवायला हाक मारली तर उठले नाहीत. म्हणाले, ओलं आहे, आता सोडता येत नाही."

"का केलं असं, काकू?"

"म्हणाले, ही पोरगी आणखी एकदा 'चुकलं' ऐकलं की सोडून जाईल. जायला नको."

"मग नंतर तरी सांगायचं."

"आधी तुझं बक्षीस आलं. मग नोकरी लागली. कधी सांगणार होते?" मग हळूच म्हणाल्या, "आणि आणखी एक सांगू का? ते पाणी त्यांना स्वतःचं म्हणून आवडायचं. जन्मभर यंत्रांचे नकाशे काढले. ते कुणी भिंतीवर लावत नाही. त्या प्रदर्शनातून घरी आले तेव्हा जेवताना स्वतःशीच हसत होते."

म्हणजे मला वाचवायला केलंत, की एकदा तरी आपलं काम भिंतीवर लागावं, लोकांनी त्याला चांगलं म्हणावं, म्हणून? काकूंनी दोन्ही सांगितलं आणि कुठलं खरं ते सांगितलं नाही. तुमच्याच हिशेबाने पाहिलं तर प्रत्येक रंग आतून कुणाच्या तरी बाजूचा असतो. तुम्ही त्या दुपारी कुणाच्या बाजूचे होतात, काका? मला दोन्हींचा संशय आहे. दोन्हींबद्दल मला राग आहे आणि दोन्हींबद्दल माया वाटते. प्रदर्शनात बुटांकडे पाहणारा तो माणूस आठवला की राग थोडा विझतो.

चित्र आता तुमच्या फोटोशेजारी आहे, कडेच्या निळ्या पट्टीसकट. येणारे विचारतात, तेव्हा काकू सांगतात, "दोघांनी काढलंय." मी समोर असले तर ते खोडून काढत नाही.

तुमचा रविवारचा वर्ग मी चालू ठेवलाय, तुमच्याच व्हरांड्यात. तिथे पुष्पा जी म्हणून एक बाई येतात. टपाल खात्यात नोकरी करतात, पन्नाशीत पहिल्यांदा ब्रश धरलाय. त्यांनी गव्हाचं शेत रंगवलं, फार जीव लावून. हिरवा थेट ट्यूबमधला. चित्र वाळायला ठेवून त्या काकूंना भेटायला आत गेल्या. बाकीच्या निघून गेल्या होत्या. व्हरांड्यात मी एकटी होते आणि माझ्या ब्रशावर पातळ लाल होता. हिरवा ओरडत होता. एक हात फिरवला असता तर शेत शांत झालं असतं, आणि त्यांना कळलंही नसतं. तुम्हाला किती सोपं गेलं असेल ते मला तेव्हा कळलं.

मी ब्रश धुतला. त्या बाहेर आल्यावर म्हटलं, "पुष्पा जी, हरा बहुत तेज़ है. हल्का-सा लाल डालिए."

"लाल? गेहूँ में?" त्यांचा चेहरा पडला. "इतने दिन लगे हैं मुझे. आप ही ठीक कर दीजिए न, दीदी."

"नहीं. आप ही डालेंगी."

त्यांनी चित्र गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि नमस्तेसुद्धा न म्हणता गेल्या. पुढच्या रविवारी आल्या नाहीत. मी शिकवत होते पण कान फाटकाकडे होता. वर्ग संपल्यावर काकू म्हणाल्या, "गेली वाटतं." त्या दिवशी मला वाटलं, तुमचंच बरोबर होतं. माणूस टिकला तर शिकेल, आणि टिकण्यासाठी एवढंसं खोटं चालतं. बरुआसागरचं चित्र तसंच ओरडत राहिलं असतं तर मी आज कुठे असते?

त्याच्या पुढच्या रविवारी पुष्पा जी उशिरा आल्या. पिशवीतून कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यांनी लाल घातला होता. फार घातला होता. अर्धं शेत खाकी झालं होतं, मधोमध पाणी साचून कागद फुगला होता आणि एका ठिकाणी घासून घासून त्याची साल निघाली होती.

"बिगड़ गया, दीदी," त्या म्हणाल्या, आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता नवा कागद घ्यायला आत गेल्या.

मी ते चित्र उचललं. त्याच्या चारही कडा तपासल्या. इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत सगळा चिखल त्यांचाच होता. मला त्या कागदाचा हेवा वाटला, काका.